कोंबड्यांचा रोग, पाणपक्ष्यांचे बळी

बर्ड फ्लूची बातमी आली की आपल्याकडची चर्चा ठरावीक वाटेनं जाते. चिकन खावं की नाही, अंडी किती वेळ उकडावीत, भाव किती पडले, सरकार भरपाई देणार की नाही. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, आणि तेव्हापासून हा रोग आपल्या मनात पोल्ट्रीच्या शेडशी कायमचा जोडला गेला. रानपक्षी या गोष्टीत येतात ते संशयित म्हणून. कुठून तरी उत्तरेकडून उडत आले, तळ्यावर उतरले आणि रोग देऊन गेले! मात्र गेल्या काही वर्षांत जगभरच्या पाणपक्ष्यांच्या वसाहतींत जे घडलं, ते नीट पाहिलं तर ही मांडणी उलटी करावी लागते. हा विषाणू पाळीव कळपांत घातक झाला, तिथून रानात गेला, आणि सर्वांत जबर किंमत मोजली ती घरट्याला घरटं लावून एकत्र वीण करणाऱ्या पक्ष्यांनी. हा केवळ सहानुभूतीचा मुद्दा नाही. आरोपी कोण आणि बळी कोण हे चुकलं की उपायही चुकीच्या ठिकाणी होतात.

इन्फ्लुएंझा ‘ए’ गटातले विषाणू रानबदकं, हंस, कुरव आणि चिखलातले तुतवार यांच्यात पूर्वापार आहेत. त्यांच्या सौम्य अवतारात विषाणू आतड्यात वाढतो, विष्ठेतून पाण्यात उतरतो, थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतो आणि दुसऱ्या बदकाच्या पोटात जातो. बदक फारसं आजारी पडत नाही, आणि ते विषाणूच्याही सोयीचंच असतं, कारण बदक मेलं तर पुढचा प्रवास थांबला. विषाणूला पेशीत शिरायचं तर त्याच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचा आधी एका ठरावीक जागी छेद व्हावा लागतो. सौम्य अवतारात हा छेद करणारी विकरं आतड्यात आणि श्वसनमार्गातच असतात, त्यामुळे रोग तिथेच घोटाळतो. एच५ आणि एच७ या दोन प्रकारांत मात्र छेदाच्या जागी बदल झाला की शरीरभरच्या पेशींतली विकरं ते काम करू लागतात, आणि मेंदूपासून यकृतापर्यंत काहीच सुरक्षित राहत नाही. हा बदल बहुतेक वेळा झालेला आढळला आहे तो कोंबड्यांच्या मोठ्या कळपांत. एका छपराखाली हजारो, जवळपास एकाच जनुकीय ठेवणीचे पक्षी असले की आपल्या यजमानाला दोन दिवसांत मारणाऱ्या विषाणूचंही काही अडत नाही. पुढचा यजमान वीतभर अंतरावरच असतो. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरच्या सगळ्या पक्ष्यांचं मिळून जे वजन भरेल, त्यातलं सुमारे ७० टक्के पाळीव पक्ष्यांचं आहे. एवढं मोठं शेत विषाणूला निसर्गानं दिलेलं नव्हतं.

आज थैमान घालणाऱ्या एच५एन१ची वंशावळ १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांपर्यंत मागे नेता येते. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली आणि त्यातली ६ दगावली, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. घातक विषाणू रानात कधीच नव्हता असं मात्र म्हणता येत नाही. १९६१मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुमारे १,३०० सुरय पक्षी एच५एन३मुळे मेले होते. हा अपवाद दडवण्यात अर्थ नाही, पण तो काय सांगतो ते पाहावं. ती साथ तिथेच विझली, आणि त्यानंतर जवळपास चार दशकं रानपक्ष्यांत तशी मोठी मरतूक नोंदली गेली नाही. मग २००५च्या उन्हाळ्यात चीनमधल्या चिंगहाय सरोवरावर सहा हजारांहून जास्त पक्षी मेले. त्यात सर्वांत जास्त होते पट्टकादंब, म्हणजे हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळ्याला येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. त्या वेळच्या अंदाजानं जगातल्या या हंसांपैकी ५ ते १० टक्के त्या एका सरोवरावर संपले. हे हंसही वसाहतीनंच वीण करतात, आणि ते मेले ते विणीच्या जागीच.

चिंगहायचा धडा तेव्हा कुणी फारसा मनावर घेतला नाही. युरोपात साथ यायची ती हिवाळ्यात, बदकांच्या स्थलांतराबरोबर, आणि उन्हाळा आला की विरून जायची. समुद्रपक्ष्यांच्या वसाहती गजबजतात त्या उन्हाळ्यात. त्यामुळे रोग आणि वसाहत यांची सहसा गाठ पडत नव्हती. २०२०नंतर ‘२.३.४.४बी’ या क्रमांकानं ओळखली जाणारी शाखा पसरली आणि हे वेळापत्रक मोडलं. २०२१च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या बेटांवर ग्रेट स्कुआ मरू लागले. हा लुटारू वृत्तीचा, दुसऱ्यांचं भक्ष्य हिसकावणारा, मेलेलं खाणारा आणि गोड्या पाण्याच्या डबक्यांत जमावानं अंघोळ करणारा पक्षी. लागण होण्याच्या जवळपास सगळ्या वाटा त्याच्या दिनक्रमातच आहेत. जगातल्या या पक्ष्यांपैकी निम्म्याहून अधिक ब्रिटनमध्ये वीण करतात, आणि साथीनंतरच्या २०२३च्या मोजणीत तिथली संख्या ७६ टक्क्यांनी घटलेली आढळली. विषाणू आता बारमाही झाला होता, आणि पुढचा उन्हाळा त्याला मोकळा मिळाला.

२०२२च्या मे अखेरीस नेदरलँड्सच्या टेक्सेल बेटावरच्या वसाहतीत सँडविच टर्न हे सुरय मरू लागले. या पक्ष्यांची घरटी म्हणजे वाळूतले उथळ खळगे, आणि तेही इतके लगत की शेजारणीची चोच लागावी. ही दाटी वेडेपणाची नव्हे. सुरक्षित बेटं मोजकी असतात, मासे जवळ असावे लागतात, कुरव किंवा ससाणा आला तर शेकडो डोळे एकदम सावध होतात, आणि सगळ्यांची पिल्लं एकाच वेळी निघाली की शिकारी खाऊन खाऊन किती खाणार! लाखो वर्षांत घडलेली ही व्यवस्था शिकाऱ्याविरुद्ध अचूक आहे. विषाणूविरुद्ध तिच्याइतकं उघडं काही नाही. दोन महिन्यांत वायव्य युरोपात २०,५३१ प्रौढ सँडविच टर्न मेलेले सापडले, म्हणजे तिथल्या वीण करणाऱ्या पक्ष्यांपैकी १७ टक्क्यांहून जास्त. समुद्रात पडलेले, गवतात राहिलेले यात धरलेले नाहीत. लागण झालेल्या वसाहतींत जवळपास सगळी पिल्लं मेली. काहींना रोगानं गाठलं, तर काहींचे आईबाप परतलेच नाहीत. एकेकाळी पंढरीच्या वारीत पटकी पसरायची, तेव्हा दोष माणसांच्या एकत्र जमण्यात नव्हता, पाण्यात होता. वसाहतीचंही तसंच आहे.

मेलेल्यांचा आकडा किती, यापेक्षा मेले कोण हा प्रश्न इथे जास्त महत्त्वाचा आहे. शेडमधली ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत तयार होते, त्यामुळे पोल्ट्रीचं नुकसान कितीही मोठं असलं तरी ते पैशानं आणि नव्या पिल्लांनी काही महिन्यांत भरून निघतं. आपला सगळा हिशेब त्या मापाचा आहे. गॅनेट या समुद्रपक्ष्याचं माप वेगळं आहे. तो साधारण पाच वर्षांचा झाल्यावर वीण करू लागतो, वर्षाला एकच अंडं घालतो, आणि त्याचं गणित जमतं ते केवळ प्रौढ पक्षी दीर्घायुषी असतात म्हणून. एरवी शंभरातले नव्वदहून अधिक प्रौढ पुढच्या वर्षी परत येतात. एखाद्या वर्षी सगळी पिल्लं मेली तरी अशी जात सावरते. प्रौढ मेले तर नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यालगतचा बास रॉक हा खडक म्हणजे या पक्ष्यांची जगातली सर्वांत मोठी वसाहत. २०१४च्या मोजणीत तिथे सुमारे ७५ हजार घरट्यांच्या जागा होत्या. २०२२च्या साथीनंतर, २०२३मध्ये, त्या ५२ हजारांच्या आत आल्या. २००९मध्ये त्या ५५ हजारांहून जास्त होत्या, म्हणजे एका उन्हाळ्यानं ही वसाहत चौदा वर्षांहून मागे नेली. समजा ती दरवर्षी दोन टक्क्यांनी वाढली, तरी २०१४चा आकडा पुन्हा गाठायला जवळपास दोन दशकं लागतील. आणि त्या दोन दशकांत साथ पुन्हा येणार नाही असं गृहीत धरावं लागेल.

२०२२च्याच वसंतात ग्रीसच्या लहान प्रेस्पा सरोवरात डाल्मेशियन पेलिकनची जगातली सर्वांत मोठी वसाहत अशीच कोसळली. १,७३४ पक्षी मेले, म्हणजे त्या वसाहतीतले निम्म्याहून अधिक. हा पेलिकन आधीच दुर्मिळ. पाणथळी कोरड्या पाडणं, विजेच्या तारा, मासेमारीतला त्रास यांतून अनेक वर्षांच्या संरक्षणानंतर तो दक्षिण-पूर्व युरोपात कुठे सावरला होता. संरक्षणाचं यश म्हणजे बहुतेकदा अशीच एक मोठी, सुरक्षित, गजबजलेली वसाहत असते, आणि सगळी शिल्लक एका ठिकाणी ठेवण्याचा धोका त्या यशातच दडलेला असतो. पेरूमध्ये २०२२च्या अखेरीस पेलिकन, बूबी आणि ग्वानाय पाणकावळे लाखाहून अधिक संख्येनं मेले. ज्यांच्या विष्ठेच्या खतावर एकोणिसाव्या शतकात त्या देशाचा खजिना भरला, तेच हे पक्षी. पाठोपाठ २०२३मध्ये किनाऱ्यालगतचं पाणी तापलं आणि अँकोव्ही मासे दुरावले. साथीतून जगलेल्यांची उपासमार झाली.

यावर पहिला आक्षेप असा की निसर्गात साथी येतात, जातात, जगले-वाचलेले रोगप्रतिकारक होतात, मग इतकी काळजी कशाला? आक्षेप पोकळ नाही. साथ ओसरल्यावर उशिरा वीण करणाऱ्या सँडविच टर्नच्या एका वसाहतीत तपासलेल्या प्रौढांपैकी २५.७ टक्के पक्ष्यांत एच५विरुद्धची प्रतिकारशक्ती आढळली. बास रॉकवर काही गॅनेटच्या निळसर डोळ्यांची बुबुळं काळी झालेली दिसली, आणि तपासणीत अशा बहुतेकांच्या रक्तात प्रतिपिंडं मिळाली. म्हणजे ते रोगातून उठलेले पक्षी होते. हा दिलासा खरा आहे, पण तो पुरेसा नाही. २५.७ टक्क्यांना प्रतिकारशक्ती म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश पक्षी अजून उघडे. पुढच्या वर्षीची पिल्लं तर शंभर टक्के उघडी. विषाणू दरम्यान दुसऱ्या उपप्रकारांशी जनुकांची अदलाबदल करत राहतो. आणि ‘निसर्ग सावरून घेईल’ हे विधान ज्या निसर्गाबद्दल खरं होतं, त्यात किनारे मोकळे होते, मासे मुबलक होते, आणि एका वसाहतीची झीज भरून काढायला शेजारी दहा वसाहती होत्या. पूर्वीच्या साथी आणि ही साथ यांत फरक विषाणूचा आहे तितकाच परिस्थितीचाही आहे.

दुसरा आक्षेप पोल्ट्रीवाल्यांचा, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर रास्तच. रानपक्षी विषाणू वाहून नेतात हे आता सिद्ध आहे. २०२१च्या अखेरीस तो अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेत पोचला तो पक्ष्यांबरोबरच. पुढे दक्षिण अमेरिका, २०२३च्या ऑक्टोबरमध्ये साउथ जॉर्जिया बेटाजवळचे स्कुआ, २०२४च्या फेब्रुवारीत खुद्द अंटार्क्टिकाची मुख्य भूमी. ज्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये तळ्यावरून रोग आला, त्याला १९९६ची वंशावळ सांगून काय उपयोग? पण मग यातून निष्कर्ष काय काढायचा? वसाहती हुसकावून लावायच्या? झाडं तोडायची? असे विचार साथीच्या काळात बोलून दाखवले जातात, आणि ते घातक आहेत, कारण हुसकावलेला पक्षी नाहीसा होत नाही, दुसरीकडे जातो. गॅनेट एरवी आपल्या खडकाला चिकटून राहणारे. बास रॉकवर साथ आल्यावर उपग्रह-टॅग लावलेले काही पक्षी दुसऱ्या वसाहतींना भेटी देऊन आले. म्हणजे वसाहत विस्कटणं हाच प्रसाराचा एक मार्ग आहे. शेडला जाळी लावणं, तळ्याचं पाणी कोंबड्यांना न पाजणं, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर न टाकणं, ही कामं कंटाळवाणी आहेत, खर्चाची आहेत, पण विषाणूची ये-जा दोन्ही दिशांनी रोखतात. उघड्यावर टाकलेल्या कोंबड्यांवर येतात ते कावळे आणि घारी, आणि तेच पुढे विणीच्या झाडांवर अंडी-पिल्लं शोधत फिरतात.

वसाहतीत साथ शिरल्यावर करण्यासारखं काय उरतं, हा प्रश्न अवघड आहे. रानातल्या हजारो पक्ष्यांना लस टोचणं व्यवहार्य नाही. अमेरिकेत २०२३मध्ये २१ कॅलिफोर्निया काँडोर मेल्यावर त्यांना लस देण्याचा प्रयोग झाला, पण ती जात मोजकी काही शे आहे आणि प्रत्येक पक्षी क्रमांकानिशी माहीत आहे. मेलेले पक्षी उचलावेत का, यावर युरोपात बराच वाद झाला. एक बाजू म्हणे, माणूस वसाहतीत शिरला की पक्षी उठतात, अंडी उन्हात तापतात, लागण फैलावते. दुसरी म्हणे, मेलेला पक्षी म्हणजे विषाणूचं कोठार. सँडविच टर्नच्या माहितीतून असं दिसलं की जिथे मेलेले पक्षी उचलले गेले त्या वसाहतींत मृत्यूचं प्रमाण कमी होतं. हा संबंध आहे, अजून पक्का पुरावा नाही. पण आपल्याकडच्या अनुभवाशी तो जुळतो. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले, तेव्हा सगळ्यांना आधी बर्ड फ्लूच वाटला. तपासात निघालं बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाची बाधा. तीही मेलेल्या पक्ष्यांतल्या अळ्या जिवंत पक्ष्यांनी खाल्ल्यानं फैलावते. रोग वेगळा, तरी मेलेले पक्षी लवकर उचलणं दोन्हीकडे उपयोगी. मात्र आधी नमुना प्रयोगशाळेत जायला हवा, आणि उचलणाऱ्याच्या हातात हातमोजे, तोंडावर मुखपट्टी हवी.

भारतात असं काही घडलेलं नाही, असं म्हणता येत नाही. २०२०च्या डिसेंबर अखेरीपासून हिमाचलच्या पोंग जलाशयावर सुमारे पाच हजार स्थलांतरित पक्षी मेले, आणि त्यातले बहुसंख्य पुन्हा पट्टकादंबच होते. त्याआधी २०१६च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एच५एन८मुळे चित्रबलाक मेले. हे काही पिंजऱ्यातले नव्हेत. दरवर्षी आपणहून येऊन तिथल्या तळ्यांतल्या झाडांवर घरटी करणारे रानपक्षी. महाराष्ट्रात २०२५च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले, आणि त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१नं दगावल्याचं निदान झालं. युरोपासारखं एखादं सारंगागार, म्हणजे पाणपक्ष्यांची वीण-वसाहत, अख्खं कोसळल्याची घटना आपल्याकडे नोंदलेली नाही. ती घडणार नाही असं मानायला आधार मात्र थोडाच. आपली सारंगागारं निर्जन खडकांवर नाहीत. ती गावतळ्यांच्या काठी, बाभळी-चिंचांवर, वस्तीला लागून असतात. उत्तरेत चित्रबलाक पावसाळ्याच्या शेवटी वीण करतात. दख्खनमध्ये आणि दक्षिणेत मात्र हिवाळ्यापासून पुढे, म्हणजे नेमकी उत्तरेकडची बदकं आणि हंस जेव्हा त्याच पाण्यावर मुक्कामाला असतात तेव्हा. इंदापूर तालुक्यातल्या भादलवाडीच्या झाडांवर चित्रबलाकांची घरटी असतात, आणि खाली पाण्यात पाहुणे. वर्षातले काही आठवडे रोगाचे संभाव्य वाहक आणि संभाव्य बळी एकाच तळ्याचं पाणी वापरतात.

सध्याची सरकारी यंत्रणा अजून मुख्यतः शेडभोवती रचलेली आहे: संसर्गाच्या जागेभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ, त्यातल्या पाळीव पक्ष्यांची विल्हेवाट, भरपाई, नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेकडे. त्यात चूक नाही. पण झाडावरचा मेलेला बलाक वनखात्याचा आणि त्याचा नमुना पशुसंवर्धन खात्याचा, अशा वाटणीत दोन-तीन दिवस सहज जातात, आणि वसाहतीत दोन-तीन दिवस म्हणजे शेकडो घरटी. ज्या तालुक्यात सारंगागार आहे तिथे विणीच्या काळापुरती दोन्ही खात्यांची ठरलेली माणसं असणं, ही फार महाग गोष्ट नाही. त्याहून मोठी उणीव मोजणीची आहे. दर जानेवारीला होणारी आशियाई पाणपक्षी गणना मोलाची आहे, पण ती पाण्यावरचे पक्षी मोजते, झाडावरची घरटी नाही. बास रॉकवर ३० टक्के घट झाली असं सांगता येतं, कारण त्याआधीच्या मोजण्या हाताशी होत्या. भरतपूरसारखे अपवाद सोडले तर आपल्या बहुतेक सारंगागारांत उद्या साथ शिरली, तर पाच टक्के पक्षी गेले की पन्नास, हे ठरवायला आधीचा आकडाच नसेल. स्थानिक पक्षीमित्र, शाळांतले शिक्षक, तळ्याकाठचे मच्छीमार यांच्याकडून विणीच्या हंगामात महिन्यातून एकदा, झाडाखाली न जाता, दुर्बिणीतून घरटी मोजून घेता येतील. आणि असामान्य मरतूक दिसली तर कुठला फोन लावायचा, हे त्यांना हंगामाआधीच सांगून ठेवता येईल.